उपाशीपोटी घेतलेला श्वास

असोदा,
मंगळवार, सकाळ

प्रिय भूमिका,

अनेक शुभाशीर्वाद. धुळ्याला तुझे संशोधन नेटाने सुरू असेल आणि दुपारचा डबा तू वेळेवर खात नसशील, ही दोन्ही विधाने मी गृहीत धरतो. इकडे केळीची कापणी आटोपली. तुझ्या माहितीपत्रकातील ‘नमूना’ मी लाल शाईने ‘नमुना’ केला, त्याचा तुला राग आला नाही, हा तुझा मोठेपणा. गर्भवतीच्या उच्छ्वासातील सूक्ष्म वायू मोजून, सुई न टोचता, तिच्या शरीरातील बदल ओळखता येतील काय, हा तुझा प्रश्न मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या चष्म्यावर फुंकर मारून त्या धुक्यात बोटाने नाव लिहिणारी मुलगी ती हीच!

गेल्या आठवड्यातील रविवारी तू नमुना घ्यायला पहिल्या बसने आलीस. तुझ्या वहिनीने, मेघाने, पिशवीत श्वास सोडण्यासाठी गाल फुगवले, तेव्हा तुझी आजी म्हणाली, “अवं माय, दोन जिवाच्या बाईले उपाशी ठेवून फुगे फुगवाले लावते का?” फुगा नव्हे, तपासणी आहे, असे तू सांगताच तिचे उत्तर तयार होते, “मंग तुह्या आबाले लाव, त्याईच्यात लय हवा शे!” मी हसलो नाही, पण ते मला आवडले. शेवटचे केव्हा खाल्ले, हा रकाना मेघाच्या वतीने मीच भरला : ‘आदल्या रात्री आठ वाजता.’

परवा तुझा फोन आला. मेघाचा नमुना उपाशीपोटी तपासलेल्या इतर स्त्रियांशी जुळत नाही, असे तू सांगितलेस आणि तिला विचारलेस, “वहिनी, सकाळी काही खाल्लं होतंस का?” ती नाही म्हणाली. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. काल तिने मला हळूच विचारले, “आबा, केळ्यामुळंच असंल ना हो?”

भूमिका, ते केळे मी दिले होते. गर्भवतीला दिवसाचा पहिला घास घरातील वडीलधाऱ्याने द्यावा, ही माझ्या आईची रीत. तू येण्याच्या तासभर आधी माझा हात सवयीने पुढे झाला आणि तिला तो नाकारता आला नाही. तुझ्या सूचना घराला वाचून दाखवणारा मी, त्या मीच मोडल्या हे तुझ्यासमोर कबूल करण्याची लाज वाटली, म्हणून शुद्ध मराठीत खोटे लिहिले. मेघा खोटे बोलली ती माझा शब्द राखण्यासाठी. तिच्यावर रागावू नकोस. तो नमुना बाद कर आणि रक्ताची तपासणीही करून घे. केवळ केळ्यावर खापर फोडून बाळाची काळजी सोडू नये. गुरुवारी पहिल्या बसने मी स्वतः तिला घेऊन येतो. ती उपाशी असेल, आणि तिचे होईपर्यंत मीही.

तुझाच, या वेळी चुकलेला,
आबा