साइट नंबर पाच

११ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. वही क्लेमचीच, माझ्या नवऱ्याची. पहिल्या बावीस पानांवर त्याचा पाऊस आहे, मिलिमीटरमध्ये, तारीखवार. एक पान कोरं सोडून मी सुरुवात केली. भावना वगैरे काही नाही. चांगली वही वाया का घालवायची?

गावाच्या आराखडा समितीवर माझी निवड झाली. दुसरं कुणी उभं नव्हतं. पुढच्या पंधरा वर्षांत अपर वेनकमध्ये नवी घरं कुठे बांधायची ते आम्ही सहा जणांनी ठरवायचं, आणि मग सगळं गाव त्यावर मत देणार. शाळेत एकोणीस मुलं उरली आहेत. घरं झाली नाहीत तर शाळा जाईल, हे उघड आहे.

अध्यक्ष लायनल प्रॉसर. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता निवृत्त. म्हणाला, एखाद्या जागेत कुणाचा वैयक्तिक संबंध असेल तर आधी सांगायचं आणि चर्चेच्या वेळी बाहेर जायचं. मी लगेच सांगून टाकलं, माझा कशातच संबंध नाही.

निश्चय: निःपक्षपाती राहायचं. नियमांचं पुस्तक (१४२ पानं) या आठवड्यात संपवायचं.

१८ फेब्रुवारी

पान ९ वर आहे.

ज्याला जमीन द्यायची असेल त्याने अर्ज करावा, असं पत्रक निघालं. मी मागच्या बागेचा अर्ज दिला. पेअरची नऊ झाडं आणि गवत. गवत माझ्याने कापवत नाही, एवढंच कारण.

समोरची डॉर्कस मेरिक दुकानात भेटली. सगळ्यांसमोर म्हणाली, एव्हिस, अगं क्लेमने ती झाडं तान्ह्या पोरांसारखी वाढवली, आता चर्चच्या आवारातल्या कबरीतून उठून येईल हो तो! मी म्हटलं, क्लेम व्यवहारी माणूस होता. ती म्हणाली, कोण, क्लेम? ज्याने एका कलमासाठी बस चुकवली आणि अकरा मैल चालत आला, तो?

 डॉर्कसही समितीवर आहे, पण तिला नियोजनातलं काही कळत नाही.

माझी बाग आता साइट नंबर पाच. म्हणजे मला त्या एका जागेपुरतं बाहेर जावं लागेल. तेवढ्यापुरतंच.

२५ फेब्रुवारी, दुपार

घरोघरी गरजेचे फॉर्म आले. शाईच्या पेनाने नीट भरला.

प्रश्न ३: घरात राहणाऱ्या व्यक्ती. हाताने दोन लिहिलं. क्लेमला जाऊन तीन वर्षं होतील. खोडलं असतं तर फॉर्म घाण दिसला असता, म्हणून तसंच ठेवलं. एका आकड्याने सरकारचं काय बिघडतंय?

प्रश्न ९: गाव सोडून गेलेलं आणि परत येऊ इच्छिणारं कुणी कुटुंबात आहे का? लिहिलं: आहे. मुलगी हेस्टर, जावई ओवेन, नात आयडा. दोन वर्षांच्या आत. दोन बेडरूम, सकाळचं ऊन हवं. खाली खात्री करून घेण्यासाठी फोन नंबर मागितला होता, तोही दिला.

हेस्टरला विचारलं नाही. लीड्समध्ये तिच्यामागे नोकरी आहे, लहान मूल आहे, फॉर्मसाठी कशाला त्रास? शिवाय ती स्वतःच बोलली आहे. क्लेमच्या दफनाच्या दिवशी बागेच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली होती, इथे किती शांत आहे गं आई. हे तिचेच शब्द. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार?

९ मार्च

जागांची पाहणी. गमबूट, पाटी, पेन्सिल. प्रत्येक जागेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा.

साइट एक, चर्चमागे: लाल. ओल आहे. आयडाची छाती नाजूक आहे.

साइट दोन, खालचं कुरण: लाल. नदी दर हिवाळ्यात तिथे येते. हे सगळ्यांनाच पटलं.

साइट तीन, पबच्या मागची जागा: लाल. शनिवारी गाणी चालतात, बाळ झोपणार कसं? लायनल म्हणाला, एव्हिस, या कागदावर बाळांचा रकाना नाही. मी म्हटलं, मग तो असायला हवा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लाल शेरा लिहून घेतला. मुद्दा पटला असावा.

साइट चार, टेकडीवर: पिवळा. 'एकाकी' असा शेरा दिला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसत नाही.

साइट सहा, खाणीजवळ: लाल. तिथे पाणसरडे आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे पाणसरड्यांचा विचार आधी होतो.

मग हॉलवर परतून साइट पाचची चर्चा. नियमाप्रमाणे मी गावच्या हॉलमधल्या चहाच्या खोलीत जाऊन बसले. चहा देण्याची खिडकी पूर्ण लागत नाही, हा माझा दोष नाही. डॉर्कसने विचारलं, गाडी वळेल का? लायनल म्हणाला, आरामात. मग कुणीतरी म्हणालं, पण ती रोज चार वाजता तिथे जाऊन बसते ना?  नंतर लायनलचा आवाज आला, हळू, त्यालाही रकाना नाही.

हिरवा.

२३ मार्च

नियमांचं पुस्तक, पान ३१.

रोज चारला साइट पाचची पाहणी करते. समितीचं काम म्हणून. आजची नोंद: जमीन कोरडी, वारा पश्चिमेचा, तिसऱ्या झाडाला कळ्या. झाडाखाली क्लेमची घडीची खुर्ची अजून आहे. काम सुरू होण्याआधी हलवायला हवी. आज ओली होती म्हणून हलवली नाही.

२४ मार्च

खुर्ची कोरडी होती. बसून पाहिली, मोडकी आहे का ते तपासायला. मोडकी नाही. तासभर तपासली.

१४ एप्रिल

फॉर्मांचा निकाल! अकरा कुटुंबांना गावात परत यायचं आहे. अकरा!

लायनलने आकडा दोनदा वाचला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. आपल्याकडे सहसा कुणी टाळ्या वाजवत नाही. डॉर्कसचे डोळे भरून आले. म्हणाली, फुलांच्या परागांचा त्रास होतो गं मला. एप्रिलमध्ये होत असेल. लायनलने चष्मा पुसला, घातला, परत पुसला.

म्हणजे मी एकटीच नव्हते. गावाची गरज आणि माझं मत तंतोतंत जुळलं.

घरी येऊन पडद्याचं कापड बाहेर काढलं. पिवळं. कपाटात पडूनच होतं.

१६ एप्रिल, रविवार

हेस्टरचा फोन, नेहमीसारखा सहाला. आयडाला दात येतोय. मी सहज विचारलं, तुला पिवळा रंग कसा वाटतो? ती म्हणाली, छान आहे की, का गं? मी म्हटलं, काही नाही.

रंग मंजूर.

७ मे

दोन पडदे शिवून झाले. खिडक्यांचं माप अजून ठरलेलं नाही, म्हणून खालची दुमड मोठी ठेवली आहे.

पुस्तक: पान ३१.

२ जून

जिल्हा कचेरीतल्या मिस लॅथम अकराही कुटुंबांना फोन करणार आहेत. नुसती खात्री म्हणून. बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागले. मी मात्र म्हटलं, अवश्य करा, माहिती तपासलेली बरी.

हेस्टरला आधी सांगून ठेवायला हवं. रविवारी सांगेन.

४ जून, रविवार

आयडाला ताप होता. तो विषय निघाला नाही.

९ जून, शुक्रवार, सकाळ

हेस्टरचा फोन. शुक्रवारी.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मग मीही रागावले असते. म्हणाली, आई, एका बाईंचा फोन आला होता. आम्ही अपर वेनकला कधी येतोय म्हणून विचारत होत्या. तू फॉर्म भरलास का गं?

मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस, इथे किती शांत आहे.

 ती म्हणाली, आई, बाबा गेले होते. ते दिवसभर शिट्टी वाजवायचे ना बागेत. ती ऐकू येत नव्हती म्हणून म्हणाले मी तसं.

मी म्हटलं, अच्छा.

ती म्हणाली, आम्ही इथेच घर घेतोय. रविवारी सांगणार होते तुला. जिना जरा उभा आहे, पण तुझ्यासाठी खोली ठेवलीय, आलीस की राहायला. मी अभिनंदन केलं. खिडक्या कशा आहेत विचारलं. मोठ्या आहेत. मग ती म्हणाली, आई, रडतेयस का? मी म्हटलं, कांदा चिरतेय.

घरात कांदा नाही. आणायला हवा.

१० जून ते १५ जून

नोंद करण्यासारखं काही नाही. चारला पाहणी.

१६ जून, दुपार

बैठक. हॉलमध्ये गावही जमलं होतं. मिस लॅथम आल्या, पंचविशीतली मुलगी, फाइल घट्ट धरून. तिला आमची कीव येत होती, आणि कीव दाखवू नये हेही तिला कळत होतं. म्हणाली, अकरा फोन केले. अकराही ठिकाणी 'आम्ही येणार नाही' असंच उत्तर आलं. कुणीच स्वतः फॉर्म भरलेला नव्हता. सगळे आईवडिलांनी भरले होते.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. फॉर्म टेबलावर पसरलेले होते, नावं झाकून. सातव्यावर लिहिलं होतं, मागे कार्यशाळेला जागा हवी, मुलाला लाकूडकाम आवडतं. लायनलचा मुलगा पर्थला, जगाच्या दुसऱ्या टोकाला, सुतारकाम करतो. आणि त्या फॉर्मवरच्याइतके सरळ आकडे गावात त्याच्याशिवाय दुसरं कुणी काढत नाही. लायनल छताकडे बघत होता. म्हणाला, तिकडे तेव्हा जेवणाची वेळ होती. फोन आला तेव्हा. जेवत होता तो.

चौथा फॉर्म जांभळ्या शाईत होता. जांभळी शाई फक्त डॉर्कसकडे असते. मी काही बोलले नाही. तिने माझ्या पिवळ्या पडद्यांबद्दल दुकानात अवाक्षर काढलेलं नाही, आणि तिच्या खिडकीतून मी शिवताना सरळ दिसते.

मग त्या मुलीने हळूच विचारलं, एक विचारू का? तुमच्यापैकी जिना चढताना त्रास कुणाला होतो?

 शेवटी डॉर्कस म्हणाली, चढायचं सोड गं पोरी, मी उतरते ते बसून, एकेक पायरी, तान्ह्या मुलासारखी. रोज सकाळी! सगळे हसले. लायनल इतका हसला की त्याला परत चष्मा पुसावा लागला. आणि मग एकेक हात वर झाले. अकरा.

मुलगी म्हणाली, मग गरज आहेच की. घरं अकराच. बिनजिन्याची, लहान, दुकानाजवळ. फक्त राहणारी माणसं वेगळी. तिने नवे फॉर्म वाटले.

सपाट आणि दुकानाजवळची जागा एकच. पाच.

निघताना लायनल माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. म्हणाला, एव्हिस, तीस तारखेपर्यंत बागेचा अर्ज मागे घेता येतो. तुला कुणी काही म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही. मी म्हटलं, आधी जागेची पाहणी करते.

२२ जून

अर्ज मागे घेण्याचं पत्र लिहिलं. पेन नीट चालत नव्हतं, फाडलं.

२५ जून

पुन्हा लिहिलं. भाषा नियमांना धरून नव्हती. फाडलं.

२७ जून

तिसऱ्यांदा लिहिलं. पेन चाललं, भाषाही बरी होती. घेऊन बागेत गेले आणि क्लेमला वाचून दाखवलं. मग जिना चढून झोपायच्या खोलीत गेले. मध्ये दोनदा थांबले. पत्र फाडलं.

३० जून, दुपारी चार

शेवटची पाहणी. समितीचं काम संपलं. जमीन कोरडी. झाडं नऊ. फाटकाजवळचं एक ठेवायचं, असं लायनलने नकाशावर स्वतःच्या हाताने काढलंय. मी काही बोलले नव्हते.

खुर्ची घडी करून आत आणली. नवा फॉर्म तिच्यावरच बसून भरला.

कोणत्या जागी घर हवं: साइट पाच. फाटकाजवळ.

गरज केव्हापासून: इथे बराच वेळ थांबले. मग तीन वर्षांपूर्वीची तारीख लिहिली.

घरात राहणाऱ्या व्यक्ती: हाताने दोन लिहिलं.

खोडलं. फॉर्म घाण दिसतोय. एक.