दादाची खोली

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुनावणीची तारीख लागली हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या सल्लागाराने गोड बोलून तुझा सुतारकामाचा कारखाना आणि वरचं घर विकायला लावलं, पैसे बुडीत योजनेत घातले. उरल्यासुरल्यात तू ती पडकी खोली घेतलीस. आता भरपाई मिळाली की आधी कारखान्याला जागा भाड्याने घे. वहिनीला सांग, पलंगाखालचे रंधे लवकरच बाहेर निघणार.

एक बजावते. सल्लागाराच्या बाजूचा माणूस खोलीची किंमत ठरवायला येईल, तेव्हा कौतुक सांगत बसू नकोस. तुझी जीभ मला माहीत आहे.

रागावलास तरी तुझीच,
चिमी

१७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तो माणूस येऊन गेला. घोटाळा झालाच. त्याने भिंतीतल्या कपाटावरून हात फिरवला, एकही खिळा दिसेना म्हणून थक्क झाला. मग मला राहवेना. दुरुस्त केलेलं छप्पर, जमिनीच्या फळ्या, पोटमाळा, सगळं मीच केलं म्हणून फिरून दाखवलं. तुझी वहिनी मागून डोळे वटारत होती. मला वाटलं, चहात साखर कमी पडली.

जन्मभर गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या कामाला नावं ठेवली नाहीत, ती आता कुठून ठेवणार?

आशीर्वाद आहेतच, थोडी दयाही असू दे.
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कपाळ माझं! मी तुझ्या वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, खोलीची किंमत वाढली हा त्या सल्ल्यामुळेच झालेला फायदा, असं म्हणून समोरचे तो भरपाईतून वजा करायला लावतील. पण वाढ तुझ्या कष्टाने झाली हे दाखवता आलं, तर भांडता येईल. बिलं शोध. काहीतरी असेलच.

वाट बघते आहे.
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

बिलं कुठली? लाकूड जुन्या कारखान्यातलं उरलेलं, आणि स्वतःच्या मजुरीचं बिल कोण फाडतं? वकीलबाई जीव तोडून भांडल्या. पंच म्हणाले, कारखाना विकला नसता तर ही खोली घेतलीच नसती, तेव्हा वाढलेली किंमत वजा. उरलं त्यात वकीलबाईंची फीसुद्धा भागत नाही. माझे हात झिजले आणि सूट त्या सल्लागाराला मिळाली. खोली विकली तर राहायचं कुठे, ठेवली तर काम कुठे करायचं? मी हात टेकले, चिमे.

बाहेर पडताना तो किंमत ठरवणारा भेटला. माणूस वाईट नाही. त्याला घरी अगदी तसंच कपाट हवं आहे, म्हणाला. मी लगेच हो म्हणून बसलो, लाकूड कोणतं घालायचं तेही सांगितलं. घरी येऊन पलंगाखालून रंधा काढला, पुसला, पातं लावलं. मग फळी कुठे ठेवायची म्हणून खोलीभर बघत राहिलो.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा