जिऱ्याची पुडी

आई, तुला वाचता येत नव्हतं, हे मला आज दुपारी कळलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला आज कळलं.

मी रविवारी वस्तीतल्या सहा बायकांना लिहा-वाचायला शिकवते. आमच्यासारख्या स्वयंसेवकांचं सिडकोत प्रशिक्षण चालू आहे. काही चुकायला नको म्हणून मी पहिल्याच रांगेत वही उघडून बसलेली. न वाचता येणारी माणसं ते कसं झाकतात, यावर मॅडम बोलत होत्या. शेजारचे निवृत्त कंडक्टरकाका म्हणाले, "पाटी डोळ्यासमोर, तरी विचारायचे, 'फुलंब्रीची हीच का?' मी बी लई खेकसायचो." सगळे हसले. मॅडमनी आवाज बदलून एकेक सबब म्हणून दाखवली. "हाताला भाजलंय, तूच लिही." "चष्मा घरी राहिला." "तू मोठ्यानं वाच, मी काम करता करता ऐकते." माझं पेन थांबलं. ते सगळं तुझं बोलणं होतं.

वाचायला मी शाळेत नाही, आईच्या ओट्याशी शिकले, असं मी सगळ्यांना सांगते. तू भाकरी थापतेयस, मी पाटावर धडा वाचतेय. जरा अडखळले की तुझा हात थांबतो. "परत वाच." पुस्तकाकडे न बघता चूक कशी कळते? मला वाटायचं, तुला सगळं पाठ आहे.

जेवणाच्या सुट्टीत मामाला फोन केला. "तुला ठावं नव्हतं व्हय?" तो म्हणाला. "अगं, अक्काला शाळेत घातलंच नाय. सही तेवढी मी गिरवून घेतली होती. कुणाला सांगू नको म्हणायची."

सातवीतली पालकसभा आठवते? बाईंनी वही पुढे सरकवली, मुलीबद्दल दोन ओळी लिहा म्हणाल्या. तू म्हणालीस, चष्मा घरी राहिला. आणि मी सगळ्यांदेखत, "आई, गळ्यात तर लटकतोय! नाटकं काय करते?" पोरी खिदळल्या. तू उठून गेलीस. संध्याकाळी मी चिठ्ठी लिहिली, 'आई, माझं चुकलं. माफ केलं असशील तर उद्या डब्यात गूळपोळी दे,' आणि मिसळणाच्या डब्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी डब्यात नेहमीची मेथीची भाजी होती, आणि माझ्या चिठ्ठीत तू जिऱ्याची पुडी बांधून ठेवली होतीस. मला वाटलं, हेच तुझं उत्तर. मी पुन्हा माफी मागितली नाही. दोन वर्षांनी तू गेलीस. कुणाचं मन तर दुखावलं नाही ना, हे दहादा विचारायची माझी खोड तेव्हापासूनची.

म्हणजे ती माफी तुझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. तू रागात गेलीस असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि तू कदाचित वाट बघत असशील, पोरगी काही बोलेल म्हणून.

हे पान वहीतच राहील, पण त्यात लपवाछपवी नको म्हणून लिहिते. दुपारनंतर मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरात असं कुणी होतं का?" कंडक्टरकाकांनी लगेच हात वर केला, "आमचा बाप." आणखी आठ-दहा हात वर गेले. माझा गेला नाही. मी खाली मान घालून काहीतरी टिपून घेत असल्यासारखं केलं. आई, मला तुझी तेव्हा लाज वाटली होती, आणि आजही वाटली.