खायला आलेला भाऊ

११ नोव्हेंबर

फुक-सांग दुपारच्या बोटीने हाँगकाँगहून आला. पिशवी एक, भूक दोघांची. धक्क्यावरच म्हणाला, "ताई, या खेपेला मकावमध्ये फक्त खायला आलोय. शपथ!" कोणाची शपथ, ते सांगितले नाही.

चहाघराच्या भटारखान्यात जन्म काढलेला हा माझा धाकटा भाऊ. जीभ पंडिताची. हात मात्र पत्त्यांना सोकावलेले.

संध्याकाळी भावजयीचा, युत-हिंगचा फोन. "ताई, आजवर प्रत्येक वेळी माफ केलं. आता जुगाराच्या मेजावर बसला तर दार उघडणार नाही मी. कुलूपच बदलते." तिचा आवाज अगदी शांत होता. म्हणूनच भय वाटले.

बुद्धाच्या सूत्रांत द्यूताचे सहा दोष सांगितले आहेत. मी ते त्याला लहानपणीच पाठ करविले. अजूनही अस्खलित म्हणतो — पत्ते पिसताना! तेव्हा उपदेश नको. त्याचे पोट भरलेले ठेवावे. तृप्त मनुष्य झोपतो, आणि झोपलेला मनुष्य खेळत नाही.

१२ नोव्हेंबर

उपाय लागू पडला.

सकाळी बाजारामागच्या गल्लीत पेज. त्याने वाटीत पळी बुडवून उचलली, धार पाहिली. "दाणा शोधून सापडत नाही. झकास!" त्याच्या वाटीत मासा, माझ्या वाटीत निव्वळ पेज आणि आले. दुपारी वेळूच्या दांडक्यावर बसून पीठ मळणाऱ्या म्हाताऱ्याकडच्या शेवया. "म्हाताऱ्याचे गुडघे गेले, पण शेवया अजून ताठ आहेत हं!" मालकीण ऐकत होती. "तुमचे दोन्ही गेलेले दिसतात," म्हणाली. तिसऱ्या प्रहरी वाफेवर धरलेले सायीचे दूध. घरी येताच घोरू लागला.

जागा झाल्यावर म्हटले, पौर्णिमेला मठात जेवू. भिक्षुणींच्या हातचे कोहाळे तू चाखलेले नाहीस. ताडकन उठून बसला.

"नको! त्या मुंडण केलेल्या बाया दिसल्या की माणूस हरतो. अगदी कफल्लक होतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"तू खायला आलास ना? मग हरण्याची चिंता कशाला?"

दात कोरीत राहिला.

१३ नोव्हेंबर

न्हाणीघरात नवी कोरी लाल चड्डी वाळत घातलेली! नशीब उजळावे म्हणून जुगारी आतून लाल घालतात. खायला आलेल्या माणसाचे तिच्याशी काय काम?

 दुपारी तो म्हणाला, त्या नव्या मोठ्या हॉटेलात खेकड्याची पेज चांगली मिळते. मी हट्टाने सोबत गेले. त्या इमारतीत भोजनगृहाकडे जाणारी प्रत्येक वाट खेळाच्या मेजांमधून जाते. बांधणाऱ्याने मानवी स्वभावाचे उत्तम अध्ययन केले असावे. खेकडा ताजा होता, असे फुक-सांग म्हणाला. परंतु नांगी फोडताना त्याचे लक्ष मेजांकडे, आणि माझे त्याच्याकडे. मला मिळालेली उकडलेली पालेभाजी निर्जीव होती. जिथे एकाही जेवणाऱ्याचे चित्त ताटात नसते, तिथे रांधणारा तरी किती काळ जीव ओतील?

परतीच्या बसमध्ये त्याने विचारले, "ताई, उद्या तू सूत्रपठणाला जाणार ना?"

"जाणार."

"जा, जा. चुकवू नकोस हो!"

१४ नोव्हेंबर

पठणाहून परतले. टळटळीत ऊन — आणि घरातला प्रत्येक दिवा जळत होता. न्हाणीघरातला. माळ्यावरचा. शिवणयंत्राचासुद्धा! खेळायला निघताना घरातले सगळे दिवे लावून निघायचे, ही आमच्याकडच्या जुगाऱ्यांची आरती. दोरीवर चड्डी नव्हती.

एकेक दिवा मालवीत गेले. बोधिसत्त्वापुढचा तेवढा ठेवला.

अंधारून येण्याच्या सुमारास आला. चेहरा उतरलेला. पाहिले ते प्रथम दिव्यांच्या बटणांकडे.

"कोणी घालवले?"

"मी."

"म्हणूनच हरलो!" मग खाली बसला.  "नाही गं. दिव्यांमुळे नाही. एकदाच बसलो होतो, ताई. एकदाच. युत-हिंगला सांगू नकोस. ती खरंच कुलूप बदलेल."

मिथ्या न बोलण्याचे व्रत मी घेतलेले आहे. हे त्याला ठाऊक आहे. तिच्या फोनची वेळ झाली. फोन वाजला. आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत राहिलो. मी उचलला नाही. मौन मिथ्या नव्हे, असे शास्त्र म्हणते. मला मात्र ते मिथ्याच वाटले.

तो काही न खाता निजला. इतक्या वर्षांत प्रथमच!

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा

एकटीच मठाकडे निघाले. वळणावर मागे पाहिले, तर हा वीस-पंचवीस पावलांवरून येत होता. थांबले नाही, हाक मारली नाही.

दाराशी खिळला. आत सगळी मुंडणे ओळीने बसलेली! भटारखाना सांभाळणाऱ्या मिऊ-यान आर्या पळी हातात घेऊन बाहेर आल्या. "या, या! मला पाहून पळाला नाही असा जुगारी प्रथमच पाहते."

"यापुढे मी कायमचा हरणार, असं म्हणतात."

"मग आधी जेवून घ्या. उपाशीपोटी हरू नये."

उंबरा ओलांडला. थेट त्यांच्या समोरच्या बाकावर बसला, मान वर करून एकेक मुंडण नीट पाहिले. मेजवानीला बोलावलेला पाहुणा बसावा तसा! कोहाळे, अळंबी, सोयाबीनच्या सायीच्या वळकट्या. दोनदा भात घेतला.

"चव आहे. आलं मात्र उशिरा पडलंय."

"उद्या पहाटे येऊन तुम्हीच वेळेवर घाला," आर्या म्हणाल्या.

हसला नाही. "येतो," म्हणाला.

१६ नोव्हेंबर

पहाटे उठले तर अंथरूण रिकामे. दिवे सगळे मालवलेले. मठात डोकावून परतले.

युत-हिंगचा फोन उचलला. बसला होता, एकदा — सांगून टाकले. तिने एवढेच विचारले.

"आत्ता कुठाय?"

"मठाच्या स्वयंपाकघरात. आले चिरतो आहे. रोज येईन म्हणाला."

"त्या बायका... समोर आहेत?"

"सगळ्या."

तिचे हसू ऐकू आले, की रडू? "ताई, उद्याच्या बोटीने येते. तिथलं जेवण बरं असतं का हो?"