कॅमेऱ्यावरचा आळ

सेलू

चि. शिवप्रकाश,

आशीर्वाद घे, पण आज ते रागातले आहेत.

वालूरच्या लग्नाचे सगळे फोटो पुसट आले, म्हणून काल कॅमेरा घेऊन परभणीला बालाजी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं तो उघडलासुद्धा नाही. "अप्पा, ह्यो आता दुरुस्त व्हायचा न्हाई. डिजिटल घ्या." मी चहाला म्हणून बाहेर आलो, तेवढ्यात त्याला तुझा फोन आला. माझे कान शाबूत आहेत, हे तुम्ही दोघंही विसरलात.

"हां शिवप्रकाश, कॅमेराच गेला म्हणलो. डोळ्याचं काढलंच न्हाई. लय लागंल अप्पाला."

अरे, लागलंच! पण डोळ्याचं नाही. ज्याला गळ्यात अडकवून मी सायकलवर गावोगाव फिरलो, दुकान उभं केलं, त्या मुक्या कॅमेऱ्यावर आळ घेता? आत जाऊन मी तो कानाशी धरला, खटका दाबला. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. बालाजीनं मान खाली घातली.

दुरुस्ती माझी करायची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊनच परतलो. डिजिटलही घेऊ, पण कॅमेऱ्याचं नाव साफ झाल्यावर. नवरीच्या बापाला तर आज सांगून टाकलं, "दोष माझ्या डोळ्याचा हाय, फोकसच नीट दिसला न्हाई."

तो हसला. "मग बरे व्हा अप्पा, पोरीला पुन्हा नटवू."

हे पत्र मात्र टाकणार नाही, बालाजीलाही तुला सांगू नको म्हणून बजावलंय. तुझं खोटं मला कळलं, हे तुला कळलं तर तुलाच लय लागेल.

तुझा,
अप्पा