छत्री आणू नका

४ तारीख, सोमवार
दुपारी, बागेच्या कॅन्टीनमधून

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. भाऊजींची कंबर सुधारली हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, एकट्याने कपाटं सरकवायचं वय आता गेलं. मी ठीक आहे. घसा अधूनमधून बसतो, पण दिवसभर माईकवर बडबड करून पोट भरणाऱ्याचा घसा बसणारच.

"या वेळी नाही म्हणालास तर पुन्हा विचारणार नाही, तिकिटं काढून थेट येऊ," असं तू लिहिलंस. म्हणजे ही धमकीच झाली. दोन वर्षांत मी तुम्हाला तीनदा टाळलं हे खरं. एकदा पाऊस, एकदा माझा ताप, एकदा सीलचा तलाव दुरुस्तीला. त्यातला ताप तेवढा खरा होता. आता टाळत नाही. चोवीस तारखेच्या रविवारी या.

सगळं आखून देतो, नीट वाच. सकाळी आठची बस पकडा. ती डोंगराला वळसा घालून वरच्या गेटाशी येते. नऊची बस खालच्या गेटाशी सोडते, ती अजिबात नको. त्यासाठी लवकर उठावं लागेल, थोरली कुरकुर करेल, करू दे. आत आलात की डाव्या हाताला साडेदहाला पक्ष्यांचा शो. बसायच्या पायऱ्या डोंगरातच खोदल्या आहेत. सगळ्यात वरच्या ओळीत बसा. खाली बसणाऱ्यांच्या डोक्याला वारा लागेल इतक्या जवळून घार जाते, मजा येते, पण तुम्ही वरच बसा. बाराला सीलचा शो. सील टाळ्या वाजवतात आणि कुणी वाजवल्या नाहीत तर रुसतात, पिटुकल्याचं त्यांच्याशी जमेल. मग तिथेच झाडाखाली जेवा. अडीचची परतीची बस वरूनच सुटते, तीच घ्या.

तीन वाजता अस्वलाचा शो असतो, तो राहू दे. आमच्या अस्वलाला सगळे हेडमास्तर म्हणतात. ते स्टेजवर येऊन घंटा वाजवतात आणि मग लोकांकडे असे बघतात की मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. बघण्यासारखं आहे, पण चारच्या बसला फार गर्दी असते.

टोप्या, पाणी आणि घरचं जेवण आणा. कॅन्टीनचं मी रोज खातो, म्हणूनच सांगतो. थोरलीला पायात घट्ट बसणारे बूट घाल. छत्री आणू नका. हातमोजेही नकोत. या उन्हात हातमोजे कोण आणतं म्हणून तू हसशील, पण भाऊजी स्कूटरवर घालत असतील तर ते घरीच राहू देत. कारण भेटल्यावर सांगेन.

पत्राच्या तळाशी पिटुकल्याने तिरक्या अक्षरात लिहिलंय, "मामा, माझं नाव लाऊडस्पीकरवर घे." पाच वेळा वाचलं मी ते. त्याला सांग, मामाला तसं करायची परवानगी नाही.

तुझा,
भोंगा


१३ तारीख, बुधवार

प्रिय ताई,

उलट टपाली उत्तर आलं आणि तेही एका पानात, म्हणजे तू रागावली आहेस. भाऊजींना हातमोज्यांवरून हसू आवरत नाही म्हणतेस, ते एक बरं झालं. घरात कुणीतरी हसतंय.

"सगळं वरूनच का? आई पडली त्या पायऱ्या खालच्या गेटाजवळ आहेत ना? मला तिथे पाच मिनिटं बसायचंय, बास." हे तू विचारलंस त्यात गैर काहीच नाही. तुझ्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. पण त्या पायऱ्यांना आता जाळीचं दार लावलंय. म्हणजे कायम बंद असतात असं नाही, आमची माणसं जा-ये करतात. बत्तीस पायऱ्या आहेत, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. मी तिथून जात नाही. लांबचा वळसा पडतो, पण चालायची सवय चांगली.

आईची छत्री शेवटपर्यंत मिळाली नाही का, असंही विचारलंस. नाही. मागेच लिहिलं होतं. आईच्या छत्र्या कधी वेळेवर सापडल्यात? शिंप्याकडे एक, दवाखान्यात एक, बँकेत तर दोन. "हिची छत्री हिच्यापेक्षा जास्त फिरते," असं बाबा म्हणायचे, आणि आई म्हणायची, "फिरू दे, परत येते ना." ती पिवळी तेवढी दरवेळी परत यायची. इतक्या भडक रंगाची दुसरी गावात नव्हती म्हणून लोक घरी आणून द्यायचे.

इकडची खबर म्हणजे हेडमास्तरांच्या कोठीचं दार बिघडलंय. बावीस वर्षं त्यांना सांभाळणारे आमचे अस्वलकाका परवा माझ्याकडे चहाला आले होते. "खटका बसतो रे," म्हणाले, "पण बसल्यासारखा बसतो. जरा ओढलं की सुटतो." त्यांनी मॅनेजरसाहेबांना लेखी कळवलंय. साहेब म्हणाले, सुट्ट्या संपू देत, आत्ता दार काढलं तर ऐन गर्दीत शो बंद ठेवावा लागेल. मग काकांनीच खटक्याला साखळी गुंडाळली. दोन दिवसांत हेडमास्तर ती सोडवायला शिकले. काका हे हसत सांगत होते, पण मी हसलो नाही तेव्हा तेही थांबले.

या आठवड्यात मला माईकवर दोनदा जाहीर करावं लागलं, की एक हातमोजा सापडला आहे. तुला काय त्याचं. सहज लिहिलं.

तारीख पुढच्या महिन्यावर नेता येईल का? सुट्ट्या संपल्या की गर्दी कमी होते, मुलांना नीट बघायला मिळेल. मी टाळत नाहीये, तू तसंच समजशील हे माहीत आहे. वरती दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

मुलांना जवळ घे.

तुझा,
भोंगा


१९ तारीख, मंगळवार
सकाळी, गेट उघडायच्या आधी

ताई,

तुझं पत्र काल आलं. "तिकिटं काढली आहेत. नऊच्या बसची. आधी आईच्या पायऱ्यांवर बसू, मग तुझे सील बघू." एवढंच. खाली पिटुकल्याचंही काही नव्हतं.

मी माझ्या केबिनमध्ये बसून लिहितोय. काचेतून सगळी बाग दिसते. झाडूवाल्या मावशी पायऱ्या झाडतायत. पुढ्यात माईक आहे, त्याच्या शेजारी खालच्या चौकीचा फोन, आणि टेबलाच्या काचेखाली एक वाक्य लिहिलेला कागद. त्या कागदाबद्दल बाहेर बोलणार नाही असं मी सही करून दिलंय. आज ते मोडतो.

बाग सुरू झाली त्या वर्षी साहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, "एखादं जनावर सुटलं तर माईकवर तसं सांगता येत नाही. लोक उतारावरून एकमेकांना तुडवतील. असं एक साधं वाक्य कर, की आपल्या माणसांना कळेल आणि लोकांचं लक्षही जाणार नाही. जनावर कुठे आहे तेही त्यात आलं पाहिजे." मी उभ्या उभ्या सांगितलं. "एक पिवळी छत्री सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी अमुक ठिकाणाहून घेऊन जावी." छत्री जिथून न्यायची, तिथे जनावर. ते ऐकलं की चौकीदार तिथल्या वाटा बंद करतात आणि लोकांना गोड बोलून दुसरीकडे वळवतात. साहेबांनी पाठ थोपटली. पिवळी छत्री मला कुठून सुचली हे तुला वेगळं सांगायला नको.

आई आली त्या दिवशी मी तिला सगळं फिरवून दाखवलं. तिचे गुडघे दुखत होते, लांबचा वळसा वाचावा म्हणून त्या बाजूच्या पायऱ्याही दाखवल्या. कर्मचाऱ्यांची वाट आहे, कुणाला सांगू नकोस, खाली जेवायला येताना इथून ये म्हणालो. मग पक्ष्यांच्या शोला तिला वरच्या ओळीत बसवलं आणि केबिनमध्ये आलो. ती मधूनमधून काचेकडे बघून हात हलवत होती. शेजारच्या बाईला काहीतरी सांगत होती, माझ्याबद्दलच असणार.

साडेअकराला खालून फोन आला. हेडमास्तर बाहेर, खालच्या गेटाजवळ, पायऱ्यांच्या तोंडाशी. मी कागद पुढे घेतला आणि वाचलं. "एक पिवळी छत्री सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी खालच्या गेटाजवळून घेऊन जावी." दोनदा वाचायचा नियम आहे. दुसऱ्यांदा 'पिवळी' या शब्दावर माझी जीभ अडखळली. तरी वाक्य पूर्ण केलं.

वर बघितलं तर तिची जागा रिकामी होती.

ताई, माईक चालू होता. "आई, खाली जाऊ नकोस," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो नाही. साडेचारशे माणसं बसली होती, त्या कागदावरच्या वाक्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा नियम होता, आणि मी नियमाचा माणूस. मी खुर्ची ढकलून धावलो. धावण्यापेक्षा बोलणं लवकर झालं असतं हे मला धावतानाच कळत होतं.

चौकीदाराने तिला हटकलं होतं. त्याने मला नंतर सांगितलं. ती त्याला म्हणाली, "अरे, माझीच आहे ती छत्री. मुलाने बोलावलंय." बाकीची गर्दी वळवायची म्हणून त्याने तोंड फिरवलं, तेवढ्यात ती मी दाखवलेल्या वाटेने गेली. हेडमास्तरांनी तिला काही केलं नाही. ते शेवटच्या पायरीवर नुसते बसले होते. त्यांना बघून ती मागे वळायला गेली. पाय घसरून पडली असं कागदोपत्री लिहिलं गेलं आणि ते खोटं नाही. ती का उतरत होती, हे कुणी विचारलं नाही. तूसुद्धा विचारलं नाहीस, आणि मी त्यावरच दोन वर्षं काढली.

छत्री वरच्या तिकीट खिडकीपाशी सापडली. आल्या आल्या तिथेच विसरली होती. तुला नाही म्हणून लिहिलं, पण ती माझ्या खोलीत दाराआड टांगलेली आहे.

नंतर साहेबांनी नवं वाक्य करायला सांगितलं. या वेळी मी तीन दिवस घेतले. करडा हातमोजा, डाव्या हाताचा. आपल्या घरात तसा कुणाचा नाही, हे एकेकाला आठवून खात्री करून घेतली. तरी तुला पहिल्या पत्रात बजावल्याशिवाय राहवलं नाही.

काल तो हातमोजा तिसऱ्यांदा सापडला. ठिकाण खालचं गेट. साहेबांकडे जाऊन सांगितलं, रविवारी बंद ठेवा. ते म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हापासून तुला प्रत्येक दारात अस्वल दिसतं." तपासणी खात्याला पत्र टाकलंय, उत्तर नाही. नोकरी सोडून यायचंही मनात आलं. पण मग हेच वाक्य दुसरा कुणीतरी वाचेल, आणि ते ऐकून कोण उठेल याचा त्याला विचारही शिवणार नाही.

हे वाचून तू येऊ नयेस असं मला वाटतं, आणि हे वाचून तू येशीलच हेही कळतं. आधी बसायला येणार होतीस, आता मला जाब विचारायला येशील. तो तुझा हक्क आहे. बागेबाहेर म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा मी येईन आणि तू बोलशील ते खाली मान घालून ऐकेन. फक्त रविवारी नको, आणि मुलांना घेऊन त्या पायऱ्यांवर नको.

कारण रविवारी चार हजार माणसं असतील या उतारावर. फोन वाजला तर मला हातमोजा म्हणायचंय, शांतपणे, दोनदा. तुम्ही तिथे नसाल तर मी ते म्हणेन. पण तुम्ही तिघं चौघं त्या पायऱ्यांवर बसलेले मला या काचेतून दिसलात, तर मी ते म्हणणार नाही हे मला आजच माहीत आहे. मी जे आहे ते ओरडेन, तुमची नावं घेऊन ओरडेन, आणि मग ती चार हजार माणसं कशी पळतील ते मला दिसत राहील.

पिटुकल्याला हवंय ना, मामाने लाऊडस्पीकरवर नाव घ्यावं. ते नाव माझ्या तोंडून तिथे निघायची वेळ आणू नकोस.

आईला जो ऐकू आला, तोच,
तुझा भोंगा