पश्चिमेकडचा जिना

२ जुलै, सोमवार

पोचलो एकदाचे. दोन बॅगा, नकाशांची नळी, मोजपट्ट्यांची पेटी आणि चिमी. गाडीतून उतरल्याबरोबर चिमीने विचारलं, ही शाळा आहे की राजवाडा? तिचं काही चुकलं नाही. दगडी जोतं माझ्या छातीइतकं उंच, त्यावर सतरा कमानींचा लांबलचक व्हरांडा. एकशे बारा वर्षांची इमारत, पण कुठे तडा म्हणून नाही. बांधणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

माझं काम सरळ आहे. अख्खी इमारत मोजायची, नकाशे काढायचे आणि वरचा वर्ग पुन्हा बांधता येईल का ते सांगायचं. पश्चिमेच्या टोकाला एके काळी वर एक वर्ग होता, तो उतरवला. आता मुलं वाढली, जागा पुरत नाही. मुख्याध्यापिकांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी शाळेमागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आणि चिमीला तिसरीत घेतलं. चिमीचे बाबा गेल्यापासून कामावर माझा अर्धा जीव तिच्यात अडकलेला असायचा. आता ती हाकेच्या अंतरावर. जीव भांड्यात पडला.

४ जुलै, बुधवार

पूर्वेची बाजू मोजून झाली. भिंती सव्वादोन फूट जाड, त्यामुळे भर दुपारीही वर्ग गार. खिडक्या समोरासमोर, वर झरोके, वारा कसा आरपार खेळतो! पण शाळेच्या माहितीपुस्तिकेत वरच्या वर्गाबद्दल एकच ओळ आहे: तो हवेशीर नसल्यामुळे उतरवण्यात आला. हे लिहिणाऱ्याने इमारत पाहिली होती का? ज्याने खालची साधी अडगळीची खोलीसुद्धा हवेशीर केली, तो वर कोंदट वर्ग बांधेल?

मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुन्या गोष्टी, कोणाला ठाऊक. आणि लगेच, चिमीला भूगोल आवडतो का? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

६ जुलै, शुक्रवार

आज पश्चिमेचा जिना. बावीस पायऱ्या, आणि वर सरळ दगडी भिंत. वर्ग उतरवल्यावर जिन्याचं तोंड चिणून टाकलंय. खाली भक्कम दार, पण दोन्ही फळ्या सताड उघड्या, मोठाले खिळे ठोकून भिंतीला जखडलेल्या, म्हणजे ते कधी बंदच होऊ नये. असं दार मी आजवर पाहिलेलं नाही.

आणि पायऱ्यांची झीज. शाळेच्या पुढच्या दाराच्या पायऱ्या याच दगडाच्या. त्यांवरून रोज चारशे मुलं जातात. तिथे झीज तीन सूत. या बंद जिन्यावर सात, म्हणजे जवळजवळ इंचभर. उतरणाऱ्याची टाच पायरीची कड झिजवते. इथे कडा जवळजवळ कोऱ्या. सगळी झीज मधोमध, चढणाऱ्या पावलांची.

मी वाकून मोजत होते, इतक्यात मागून कोणीतरी खाकरलं. शाळेचा म्हातारा शिपाई. म्हणाला, बाई, अकरा वाजत आले, जरा बाजूला व्हा. मग तळच्या पायरीवर बसला, वरच्या भिंतीकडे पाहत राहिला, आणि थोड्या वेळाने मोठ्याने म्हणाला, हजर! उठून निघून गेला. चिमी सांगते, मुलं त्याला हजरमामाच म्हणतात. रोजचंच आहे म्हणे.

९ जुलै, सोमवार

हजरमामा बारा वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय! मोठ्या बाईंनीच सांगितलं. तरी रोज येतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. का, म्हणून विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. शाळा सुटल्यावर मी त्या पायऱ्यांवर खडूची पूड पसरली. कोण चढतं ते बघूच.

१० जुलै, मंगळवार

साडेअकराला पाहिलं. पुडीवर पावलं. लहान मुलांची, अनवाणी, गर्दीने एकावर एक पडलेली. सगळी वर जाणारी. परतीचं एकही नाही.

मग डोकं ताळ्यावर आणलं. सकाळभर त्या जिन्यापाशी एकच माणूस होता. वरचा वर्ग होऊ नये असं त्याला वाटत असणार, म्हणून मला भिववायला हे उद्योग. आणि ज्याला काही काम नाही असा माणूस रोज मुलांच्या शाळेत कशासाठी घुटमळतो? माझी मुलगी शेजारच्याच वर्गात बसते.

मी त्याला तोंडावर विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, बाई, मी मुलांसाठीच येतो. तेवढं बोलून चालू लागला.

मी लेखी तक्रार दिली. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. संध्याकाळी त्यांनी त्याला यायला बंदी केली. फाटकातून जाताना तो वळून माझ्याकडे नाही, चिमीकडे बघत होता.

११ जुलै, बुधवार

आज जिन्यापाशी कोणी नव्हतं. काम झपाट्याने झालं.

जेवताना चिमी म्हणाली की शेजारच्या वर्गातल्या बाईंचा आवाज फार दमलेला वाटतो. हजेरी घेताना एकतीसपर्यंत सगळे ओ देतात, बत्तीसला कोणीच देत नाही. त्या बत्तीस, बत्तीस करत राहतात.

तिच्या वर्गाच्या शेजारी दुसरा वर्ग नाही. फक्त जिना आहे.

१२ जुलै, गुरुवार

चिमीच्या वर्गशिक्षिका भेटल्या. तब्येत बरी नाही का, म्हणाल्या, आज चिमी आली नाही ती? मी तिला स्वतः दारापर्यंत सोडलं होतं. ती चार वाजता दप्तर घेऊन, हसत घरी आली. दिवसभर वर्गातच होते म्हणाली. कुठल्या वर्गात, विचारलं तर म्हणे, वरच्या.

त्या दमलेल्या बाईंची दया आली म्हणून तिने ओ दिली. बत्तीस म्हटल्यावर, हजर.

तिच्या बुटांना धुराचा वास येतोय.

१३ जुलै, शुक्रवार

चिमीला मोठ्या बाईंजवळ बसवलं आणि हजरमामाचं घर शोधून काढलं. एकच खोली, खाटेवर तो. मंगळवारी रात्री छातीत कळ आल्यापासून उठता येत नाही. मला पाहून त्याने पहिलं विचारलं, कोणी ओ दिली का?

मी सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मग बोलला. एकसष्ट वर्षांपूर्वी वर तिसरीचा वर्ग भरायचा. उशिरा येणारी मुलं चढू नयेत म्हणून तेव्हाचे मुख्याध्यापक हजेरीच्या वेळी खालचं दार लावून किल्ली खिशात घालून फिरायचे. त्या दिवशी आग लागली आणि किल्ली वेळेवर सापडली नाही. पटावर बत्तीस मुलं होती. हजर एकतीस आणि त्यांच्या बाई. बत्तीस नंबर तापाने घरी होता. तो हा.

वर्ग उतरवला, जिना चिणला, पुस्तिकेत एक ओळ लिहिली. पण हजेरी थांबली नाही. नंबर रिकामा राहिला की बाई दुसरं मूल शोधतात, असं तो म्हणाला. म्हणून जन्मभर तो रोज अकराला येऊन ओ द्यायचा. मोठ्या बाईंना माहीत होतं. त्यांना वाटलं, आता इतक्या वर्षांनी काय होणार.

मी हात जोडले. म्हटलं, उचलून नेते, उद्या एकदा चला. तो म्हणाला, बाई, आता उपयोग नाही. माझा नंबर भरला.

मी केलं हे. मी, कागदावर सही करून.

१४ जुलै, शनिवार

चिमीला घरातच ठेवलं. कड्या लावल्या. अकराला ती चित्र काढत होती. एकदम उभी राहिली, भिंतीकडे बघून तोच शब्द म्हणाली, हजर, आणि दाराकडे चालू लागली. मी मिठी मारून धरलं. एवढासा जीव, पण मला दारापर्यंत फरफटत नेलं. पाच मिनिटांनी भानावर आली. तिला काही आठवत नाही.

सामान बांधलं. उद्या दहाला गाडी येईल. अकराच्या आत गाव सोडायचं.

१५ जुलै, रविवार

गाडी आली नाही. पावणेअकराला बघायला रस्त्यापर्यंत गेले, शंभर पावलं, तेवढंच— परत आले तर खोली उघडी.

शाळा बंद, सगळीकडे सामसूम. जिन्यावर अजून माझीच पूड. त्यावर तिच्या बुटांचे ठसे, पहिल्या पायरीपासून बाविसावीपर्यंत.

वर भिंत आहे. मी हातांनी चाचपली, ठोकली. भरीव दगड. पलीकडे काही नाही, नुसतं आकाश असायला हवं.

अकराला पाच कमी. तळच्या पायरीवर बसून लिहितेय. कोणी वाचलं तर कळावं. माझा विचार ठरलाय. बत्तीस आला की तिच्या आधी मी ओ देणार. त्यांना नंबर भरलेला हवा, मूलच हवं असं नाही— मामा तर म्हातारा होता ना—

आवाज येतोय. थकलेला. एक. दोन. बारीक बारीक आवाज ओ देतायत.

पंचवीस—

एकतीस. बत्तीस. दिली. मी आधी दिली, मोठ्याने. तिचा आवाज आला नाही. शांत आहे सगळं. भिंतीत फट दिसतेय, उजेड, सोडतायत बहुतेक तिला—

नाही. पान उलटल्याचा आवाज.

तेहेतीस, म्हणाल्या त्या. आणि चिमी आतून मला सांगतेय, आई, तुझा नंबर हा, दे ना ओ, बाई थांबल्यात, आई, ये ना व